'शून्य पाणी' म्हणणाऱ्या डेटा सेंटरला नेमकं काय विचारायचं?

ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न असा आहे: "आमच्या मागच्या एमआयडीसीत जुनी केमिकल कंपनी पाडून तिथे ४० मेगावॅटचं डेटा सेंटर होतंय. उन्हाळ्यात आत्ताच आम्हाला टँकर मागवावे लागतात. कंपनीची माणसं म्हणतात, आमचं सेंटर 'शून्य पाणी' वापरणार. हे खरं मानायचं का? आणि विजेचं काय?"

गेली तेवीस वर्षं माझं काम म्हणजे इमारतीतली उष्णता बाहेर काढणं. सुरुवात तळोज्यातल्या औषध कारखान्याच्या चिलरपासून, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रापासून झाली, आता बारा वर्षं रबाळे, महापे, ऐरोलीतली डेटा सेंटर. म्हणून उत्तराची सुरुवात उष्णतेपासूनच करतो. वीज आणि पाणी ही दोन वेगळी खाती आहेत असं समजून आपण भांडतो, आणि तिथेच फसतो.

सर्व्हरमध्ये जेवढी वीज शिरते तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर येते. घरातल्या गिझरसारखंच. ४० मेगावॅट म्हणजे २ किलोवॅटचे २० हजार गिझर, एकाच इमारतीत, रात्रंदिवस, गणपतीत आणि दिवाळीतही चालू. ही उष्णता काढत राहिलं नाही तर सर्व्हर हॉल काही मिनिटांत तापतो आणि यंत्रं स्वतःहून बंद पडायला लागतात.

ती बाहेर टाकायचे मार्ग मुख्यतः दोन.

पहिला कूलिंग टॉवर. तत्त्व माठाचंच: थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं गार होतं. एक युनिट विजेची उष्णता अशी घालवायला साधारण दीड लिटर पाणी उडतं. हा पदार्थविज्ञानाचा दर आहे, त्यात कुठल्याही कंपनीला सूट नाही. एक मेगावॅट दिवसभर चाललं की २४ हजार युनिट होतात, म्हणजे रोज ३६ हजार लिटर पाणी हवेत जातं. शिवाय पाणी उडतं पण त्यातले क्षार टॉवरच्या बेसिनमध्येच राहतात. क्षार चौपट झाले की ते पाणी काढून टाकून ताजं भरावं लागतं, नाहीतर चिलरच्या नळ्यांवर पांढरं पुट चढतं. आम्ही याला ब्लोडाउन म्हणतो. त्याचे आणखी १२ हजार लिटर. एका मेगावॅटमागे रोज ४८ हजार लिटर झाले. ४० मेगावॅटला १९ लाख २० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १९२ टँकर. माणशी १३५ लिटरच्या सरकारी निकषाने साधारण १४ हजार माणसांचं पाणी. हा पूर्ण भाराचा हिशेब आहे. सेंटर भरायला दोन-तीन वर्षं लागतात, पण विचार करायचा तो पूर्ण भाराचाच.

दुसरा मार्ग हवेचा. गच्चीवर ओळीने एअर-कूल्ड चिलर बसवायचे आणि मोटारीच्या रेडिएटरसारखी उष्णता पंख्यांनी सरळ हवेत फेकायची. पाणी फक्त बंद पाइपात फिरत राहतं, उडत नाही. 'शून्य पाणी' म्हणतात ते याला. तुमच्या मागच्या प्लॉटच्या कुंपणाच्या आत ही गोष्ट खरी आहे. पण मे महिन्याच्या दुपारी ३७-३८ अंशांच्या हवेत उष्णता फेकायला कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. सर्व्हरच्या भाराच्या दहा ते पंधरा टक्के वीज त्यात जास्तीची जाते. दहाच धरले तरी ४० मेगावॅटच्या सेंटरला ४ मेगावॅट, दिवसाला ९६ हजार युनिट. महिन्याला ३०० युनिट वापरणारी ९,६०० घरं जेवढी वीज वापरतील तेवढी, निव्वळ टॉवरचं पाणी वाचवण्यासाठी.

आता ही वीज येते कुठून ते पाहा. हवेवर गार होणाऱ्या या सेंटरची सगळी मिळून वीज, म्हणजे सर्व्हर, चिलर, पंप, यूपीएसचा तोटा धरून, साधारण ५६ मेगावॅट होईल. दिवसाला साडेतेरा लाख युनिटच्या आसपास. यातली निम्मीच कोळशाची धरू. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्राने एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरायचं आहे, नव्या केंद्रांना मर्यादा २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लिटरची. तीनच धरले तरी रोजचे २० लाख लिटर होतात. टॉवर असता तर ऐरोलीत जेवढं पाणी लागलं असतं जवळपास तेवढंच चंद्रपूरच्या इरई धरणातून किंवा तशाच दुसऱ्या जलाशयातून जातंय. टॉवरवाल्या सेंटरलाही हे लांबचं पाणी लागतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. हवेवाल्याला ते थोडं जास्त लागतं इतकंच. पण 'शून्य' हा शब्द मात्र कुठेच बसत नाही. २०१३ च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही म्हणून परळीचं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं होतं. बीडमधल्या माणसाला पाणी आणि वीज एकच गोष्ट आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या नळाचा प्रश्न आधी मिटवतो. नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाचा पुरवठा रोज ४५ कोटी लिटरच्या क्षमतेचा आहे. एका सेंटरचे १९ लाख म्हणजे त्याच्या अर्धा टक्काही नाही. शिवाय एमआयडीसीला पाणी मुख्यतः बारवी धरणातून येतं, मोरब्यातून नाही. (दिघ्यासारख्या काही वस्त्या मात्र एमआयडीसीच्या पाण्यावर आहेत, त्यांचा संबंध थेट येतो.) तेव्हा तुमच्या सोसायटीला पाणी कमी येण्याचं कारण हे एक सेंटर नाही, आणि तसं सांगून मोर्चा काढलात तर कंपनीचा इंजिनिअर दोन मिनिटांत तुमचा मुद्दा खोडून काढेल. त्या जागी आधी असलेल्या केमिकल कंपनीनेही पाणी वापरलंच असणार, आणि वर घाण करून सोडलं असणार.

प्रश्न एका सेंटरचा नाही, ओळीने उभ्या राहणाऱ्या सेंटरचा आहे. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई आणि नवी मुंबई मिळून आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईला येऊन लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुन्या कारखान्यांचे मोठे प्लॉट तयार आहेत. त्यामुळे नवं सेंटर जुन्याच्या शेजारीच येतं. सगळे एकाच जलवाहिनीवर, आणि सगळ्यांची मागणी सर्वात जास्त त्याच दिवसांत, जेव्हा धरणं तळाला गेलेली असतात.

काही वर्षांपूर्वीचा एक मे महिना सांगतो. सेंटरचं नाव घेत नाही. जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी चोवीस तासांचा शटडाउन जाहीर झाला होता, तो लांबला. आमच्या टाक्यांत दोन दिवसांचा साठा होता, तिसऱ्या दिवशी टँकर सुरू झाले. गेटबाहेर सकाळी सहापासून रांग. आमचा ऑपरेटर प्रत्येक टँकरच्या नळीखाली स्टीलचा पेला धरायचा आणि त्यात टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र, बुडवायचा. एरवी शंभर-दीडशेचं पाणी, त्या दिवशी हजार, बाराशे. बोअरचं पाणी होतं. मी टॉवरच्या बेसिनपाशी उभा होतो आणि बाराशेचा आकडा ऐकल्यावर पोटात गोळा आला, कारण खारं पाणी चौपट घट्ट करता येत नाही. दुप्पट झालं की काढून टाकावं लागतं. मेगावॅटमागे १२ हजारांचं ब्लोडाउन ३६ हजारांवर जातं, आणि ४८ हजारांच्या जागी ७२ हजार लिटर पाणी लागायला लागतं. म्हणजे पाण्याची टंचाई होती म्हणूनच आम्ही दीडपट पाणी ओढत होतो. त्याच टँकरवाल्याकडे शेजारच्या वसाहतीतले लोक फोन करत होते आणि तो त्यांना "आज जमणार नाही" सांगत होता, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नव्या कामात पहिला प्रश्न पाण्याच्या स्रोताचा विचारतो.

आणि या प्रश्नाचं उत्तर तुमच्या अगदी जवळ आहे. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरण्याला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारे दोन प्रकल्प उभारले आहेत, प्रत्येकी रोज २ कोटी लिटरचे. ते याच औद्योगिक पट्ट्याला पाणी द्यायला बांधलेत. तुमच्या सेंटरसारखी दहा सेंटर, पूर्ण भाराने, सगळी टॉवरवर चालली तरी १ कोटी ९२ लाख लिटर लागतील. दोन्ही प्रकल्पांच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी. टॉवरला पिण्याच्या पाण्याची गरजच नसते, त्याला क्षार आणि जंतू आटोक्यात असलेलं, रोज सारख्या दर्जाचं पाणी लागतं. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीच्या प्रकल्पातून कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, तिथल्या वीजनिर्मितीला ते वापरलं जातं. मग सर्व्हर का चालू नयेत?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, आणि माझ्या धंद्यातले काही लोक यावर नाराज होतील. नवी मुंबईत 'शून्य पाणी' ही चुकीची मागणी आहे. इथे सांडपाणी भरपूर आहे आणि वीज ताणलेली आहे. अशा ठिकाणी वीज जास्त खर्चून पाणी वाचवणं हा उलटा व्यवहार आहे. सेंटरने धरणाचं पाणी कूलिंगला वापरायचं नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायचं, आणि त्यातून वाचलेली वीज खरोखर वाचवायची, ही मागणी करा. हाच सल्ला मी सगळीकडे देणार नाही. हिंजवडीत हवा कोरडी आहे आणि हिवाळ्यात रात्री गारवा असतो, तिथे बाहेरच्या हवेवर बरीच कामं होतात. मुंबईचा दमट मे वेगळा. नाशिकला माठातलं पाणी जेवढं गार होतं तेवढं मुंबईत होत नाही, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. टॉवरलाही तेच लागू पडतं, तरी इथल्या उन्हात तो हवेपेक्षा पुष्कळ बरा.

एक अपवाद आहे. एआयसाठी येणाऱ्या नव्या रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, पाइपातलं पाणी थेट चिपपर्यंत नेतात. पूर्वी एका रॅकचा भार ६-८ किलोवॅट असायचा, आता एनव्हिडियाच्या एकाच रॅकचा १२० किलोवॅटच्या वर जातो. तो पंख्याच्या हवेने गार होतच नाही. पण या पद्धतीत पाणी ४० अंशांच्या आसपास गरम असलं तरी चालतं. बाहेर ३५ अंश असताना ४० अंशांचं पाणी कॉम्प्रेसरशिवाय, नुसत्या पंख्यांवर थोडं गार करता येतं. तेवढ्या भागापुरतं पाणीही नाही आणि जास्तीची वीजही नाही. तेव्हा सेंटरचा किती भाग असा असणार हेही विचारा. 'सगळा' असं उत्तर आलं तर मी माझं वरचं म्हणणं मागे घेईन.

आता वीज. इथे मात्र तुमची काळजी रास्त आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत ती ९४५ अब्जांवर जाईल असा त्यांचा अंदाज. दीड टक्का ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण ही वीज जगभर सारखी पसरलेली नाही, ती मूठभर गावांत गोळा होते. आयर्लंडमध्ये २०१५ साली डेटा सेंटर देशाच्या ५ टक्के वीज घेत होती, २०२३ मध्ये २१ टक्के. त्या देशातल्या शहरी घरांनी मिळून वापरली त्यापेक्षा जास्त. डब्लिनच्या आसपास नव्या जोडण्या द्यायचं तिथल्या ग्रिड कंपनीने थांबवलं.

एवढा भार एका जागी साचला की वेगळाच धोका उभा राहतो. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या एका वाहिनीवर बिघाड झाला. व्होल्टेज काही क्षण खाली गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. डेटा सेंटरच्या यूपीएसमध्ये एक मोजणी असते: मिनिटाभरात तीन झटके बसले की बाहेरची वीज सोडायची आणि आपल्या बॅटरी-जनरेटरवर जायचं. साठेक सेंटरनी एकाच वेळी तसं केलं आणि १,५०० मेगावॅट भार क्षणात ग्रिडवरून नाहीसा झाला. आपण समजतो की ग्रिडला भीती मागणी वाढण्याची. मागणी अचानक नाहीशी होणंही तितकंच घातक असतं, कारण वीज तयार होतच असते. त्या दिवशी ग्रिड सावरलं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईचं सावरलं नव्हतं. कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही वाहिन्यांमधला गोंधळ वाढत गेला आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत अंधार झाला. लोकल थांबल्या. मी तेव्हा एका सेंटरच्या कंट्रोल रूममध्ये होतो. बॅटरीने भार घेतला, डिझेल जनरेटर सुरू झाले, सर्व्हरना काही कळलंही नाही. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्याच आहेत. त्यानंतर खारघर-विक्रोळीची ४०० केव्ही वाहिनी आली, त्याने बराच फरक पडला. तरी खाडीच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येक नवीन सबस्टेशनसाठी जागा, वाहिनीच्या मनोऱ्यांसाठी जमीन, कांदळवनातून परवानगी, हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. डेटा सेंटरची इमारत दीड-दोन वर्षांत उभी राहते. या दोन वेगांमधलं अंतर हीच खरी अडचण आहे.

आणि या सबस्टेशनचा, वाहिन्यांचा खर्च शेवटी पारेषणाच्या, म्हणजे वीज वाहून आणण्याच्या, दरातून सगळ्या ग्राहकांच्या बिलात उतरतो, तुमच्या सोसायटीच्या पंपाच्या बिलातसुद्धा. समजा सेंटरने १०० मेगावॅट मागितले, त्यासाठी वाहिनी बांधली आणि प्रत्यक्षात ३० वापरले, तर उरलेल्या ७० च्या वाहिनीचे पैसे कोण देणार? अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या नियामकाने जुलै २०२५ मध्ये यावर चांगला तोडगा काढला. मोठ्या नव्या डेटा सेंटरने जेवढी वीज मागितली त्यातल्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे भरायचे, वापरो न वापरो, आणि हे बंधन बारा वर्षांपर्यंतचं. त्यानंतर रांगेतल्या निम्म्याहून जास्त मागण्या गळाल्या. म्हणजे त्या अंदाजपंचे टाकलेल्या होत्या. आपल्या राज्य वीज नियामक आयोगाच्या सुनावण्यांत कोणीही लेखी हरकत देऊ शकतं. हा मुद्दा तिथे मांडण्यासारखा आहे.

कंपनी 'शंभर टक्के हरित वीज' म्हणेल. ती वर्षाच्या बेरजेवर असते: सोलापूरकडच्या सौर प्रकल्पातून दिवसा जितकी युनिट घेतली तितकी वर्षभरात वापरली, झालं हिशेब पूर्ण. पण सर्व्हर रात्री दोन वाजताही चालू असतो आणि तेव्हा सूर्य नसतो. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला सह्याद्रीत जागा आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प (जास्तीच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडून वीज करायची) २००८ पासून आहे, भिऱ्याला १५० मेगावॅटचा त्याहून जुना. आणखी मोठे येऊ घातलेत. त्यात एक आठवण जागी ठेवायला हवी. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून मुळशीला धरण बांधलं गेलं, आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. बारवीची उंची वाढवली तेव्हाही मुरबाडकडची गावं पाण्यात गेली. ऐरोलीतल्या नळाची चर्चा करताना त्या टोकाची माणसंही हिशेबात धरली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

डिझेल जनरेटरबद्दल थोडक्यात: चाचणीसाठी ते ठरावीक दिवशी चालवतात. चाचणीची वेळ सकाळी शाळेच्या वेळेत किंवा रात्री नको, एवढं लेखी घ्या. हे सहज मान्य होतं.

आता कागद. २० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि ती कागदपत्रं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्रही मागता येतं. कंपनीने नाही दिलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. पाण्याचा आकडा 'व्यापारी गुपित' म्हणून दडवायचा प्रयत्न होतो. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या द डॅलेस या छोट्या गावाने गूगलच्या सेंटरचा पाणीवापर सांगायला नकार दिला होता, आणि वर्तमानपत्राला तो मिळू नये म्हणून कोर्टात गेलं होतं. शेवटी आकडा बाहेर आला: गावाच्या एकूण पाण्याच्या पाव हिश्श्याहून जास्त.

मंजुरीच्या कागदांत 'वॉटर बॅलन्स' नावाचा तक्ता असतो. त्यात 'कूलिंग मेकअप'ची, म्हणजे टॉवरमध्ये रोज भरायच्या ताज्या पाण्याची ओळ शोधा. तिथे शून्य लिहिलं असेल तर विजेच्या तक्त्यात मे महिन्याच्या दुपारची कमाल मागणी पाहा आणि ती सर्व्हरच्या भारापेक्षा किती जास्त आहे ते मोजा. आकडा लिहिलेला असेल तर शेजारच्या 'स्रोत' या रकान्यात बघा. तिथे नुसतं 'एमआयडीसी' असेल तर ऐरोलीच्या प्रक्रिया प्रकल्पाची पाइपलाइन त्या प्लॉटपासून किती मीटरवर आहे ते महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात विचारा, आणि ते अंतर घेऊनच कंपनीच्या माणसांसमोर बसा.